गोंदणाचं कुंपण

१

रोज सकाळी उठल्यावर माझं पहिलं काम म्हणजे स्वतःला झाडून काढणं. रात्रभरात अंथरुणावर माझ्या कातडीचा जो कोंडा पडलेला असे, तो केरसुणीनं गोळा करायचा, सुपडीत भरायचा आणि माझी लेक विशाखा उठायच्या आत परसातल्या उकिरड्यावर राखेखाली लोटायचा. बाकीच्या बाया अंगणात सडा घालायच्या, मी माझा सडा आवरायची.

आम्ही तेव्हा राणीसावरगावात राहत होतो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथल्या शाळेत शिक्षिका. नवरा, दत्तराव, सेलूला एका जिनिंगमध्ये कारकून. ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटेच्या एस्टीनं परत जायचे. एरवी घरात आम्ही तिघीच. मी, माझ्या सासूबाई सुलाबाई आणि चार वर्षांची विशा.

रोग आधी कोपरावर आला, मग डोक्यात, मग गुडघ्यांवर. पण खरा माज डाव्या हातावरच्या चट्ट्याचा होता. मनगटाच्या थोडा वर, पुरीएवढा, तांबडालाल, आणि वर पांढऱ्या खवल्यांचे थर. खाजवलं की खर्र खर्र वाजायचं. परभणीच्या चामडीच्या डॉक्टरांनी त्याचं नाव सोरायसिस सांगितलं आणि डांबरासारख्या वासाचं मलम दिलं.

"हा लागट नाही," ते म्हणाले. "लेकराला खुशाल जवळ घ्या. फक्त एक सांभाळा. कातडी जिथं दुखावते तिथं हा नव्यानं उठतो. ओरखडा, चटका, सुईची टोच, काहीही चालतं त्याला. टोचून घेऊ नका."

लागट नाही हे मला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि हात पुढे होणं वेगळं. विशाला तान्ही असल्यापासून पाठ खाजवून घेतल्याशिवाय झोप लागत नसे. ते काम मी सासूबाईंकडे दिलं. तिला घास भरवणं सोडलं, तिचं अंथरुण माझ्यापासून लांब, दुसऱ्या खोलीत आजीजवळ नेलं. शाळेत तर बोलायलाच नको. आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी. आमच्या हातचं पाणी काही मास्तरांना आधीपासूनच जड जायचं, आता बिचाऱ्यांना रोगाचं निमित्त मिळालं. त्यांचं मला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते शाळेतून घरी आल्यावर, पालथ्या झोपलेल्या विशाची उघडी पाठ बघून. मला तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता. एवढंच.

२

सासूबाईंचे दोन्ही हात गोंदलेले होते. दीक्षेच्या आधीचं गोंदण. एका दंडावर मारुती, मनगटावर तुळस, बोटांच्या पेरांवर ठिपके. कुणी हसलं तर त्या म्हणायच्या, "देव्हारा उचलला, देव गंगंत सोडले. आता हातावरचा मारुती कुटं सोडू गं माय? ऱ्हाऊ दे बिचारा." माझ्या वडिलांनी मात्र माझ्या अंगावर टिंबसुद्धा पडू दिलं नव्हतं. त्यामुळे बाजाराच्या दिवशी सासूबाई धुरपताबाई गोंदणारणीला घरी घेऊन आल्या तेव्हा मी आधी हसलेच.

धुरपताबाई जाडजूड, पानानं तोंड रंगलेली, आणि बोलायला लागली की समोरच्याला कुठं तोंड घालायला फट मिळत नसे. तिनं माझा हात उजेडाकडे वळवला.

"ह्यो म्होरक्या हाय," ती चट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली. "बाकीचं समदं हेच्या मागं चालायलंय. अंगावर नागीण उठली की जसा गेरूनं येढा देतेत न्हवं, तसा हेला गोंदून येढा द्यायचा. म्होरक्या बांदला की कळप जागीच ठरतो."

"अहो, डॉक्टर म्हणालेत टोचलं की वाढतो."

"मलमानं ग्येला का?"

"नाही."

"मंग?"

तरी मी तिला त्या दिवशी वाटेला लावलं. पण त्याच आठवड्यात विशा अंगणात पडली. गुडघा फुटला. ती रडत, दोन्ही हात पसरून माझ्याकडे धावत आली आणि मी, आई असून, एक पाऊल मागे सरले. ती मधेच थांबली. रडणंही थांबलं. मग वळून ती शांतपणे आजीकडे गेली. पुढच्या बाजाराला मीच धुरपताबाईला बोलावणं धाडलं.

तिनं माझीच एक बांगडी चट्ट्याभोवती ठेवली आणि काजळानं कड काढली. दोऱ्यानं बांधलेल्या सुया काजळात बुडवून ती एकेक ठिपका टोचत गेली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. दुखत होतं, म्हणून मी आपली मास्तरकी काढली.

"बाई, कुंपण घालायच्या आधी जनावर आत आहे का बाहेर, ते बघत नाहीत का?"

"मास्तरीणबाई लय हुशार," ती हसली, पण सुई थांबली नाही. शेवटी थोडी जागा उरली तेव्हा तिनं सासूबाईंना विचारलं, "फट ठिवू का मिटवू? काईजण येक फट ठिवतेत."

"फट कामून?" सासूबाई म्हणाल्या. "मिटव. पार मिटव."

तिनं वर्तुळ मिटवलं.

३

डॉक्टरांच्या हिशेबानं त्या ठिपक्यांवर रोग पेटून उठायला हवा होता. मी त्याचीच वाट बघत होते. घडलं उलटंच. ठिपक्यांवरच्या खपल्या पडल्या, खाली हिरवं गोंदण उमटलं, आणि आतला चट्टा फिका होत गेला. मग कोपर, मग गुडघे. एका सकाळी मी केरसुणी घेऊन अंथरुणापाशी बसले तर झाडायला काही नव्हतंच. चादर स्वच्छ. मी तशीच बसून राहिले आणि मला हुंदका आला.

शनिवारी दत्तराव आले. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून बघितला. "मलमाचाच गुण असणार," ते म्हणाले.

"हो तर. मलमाचा नंबर उशिरा लागला एवढंच," मी म्हणाले. आम्ही दोघं खूप दिवसांनी मोकळं हसलो.

त्या रविवारी दुपारी मी विशाचं अंथरुण उचलून माझ्या अंथरुणाशेजारी आणलं. ती पालथी झोपली. मी तिचं झबलं वर केलं आणि पाठीवर हात ठेवला. इतक्या महिन्यांनी. विशानं पाठ आखडून घेतली.

"काय झालं गं?"

"गुळगुळीत लागायलंय," ती म्हणाली आणि सरकून भिंतीकडे गेली.

सवय मोडलीय, मी स्वतःला समजावलं. लेकरू आहे, चार दिवसांत येईल. संध्याकाळी तिचं अंथरुण तिनं स्वतःच ओढत पुन्हा आजीच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या खोलीत झाडायला गेले. विशाच्या उशाशी, जमिनीवर, कोंडा पडलेला होता.

४

माझा स्वभाव तपासून बघायचा. आधी वाटलं, भिंतीच्या चुन्याचे पापुद्रे असतील. दिवाळीला आम्ही चुना मारला होता. मी भिंतीवरचा एक पापुद्रा आणि जमिनीवरचा एक, असे दोन्ही वाटीतल्या पाण्यात टाकले. चुन्याचा भिजून तळाला गेला. दुसरा तरंगत राहिला. तो चिमट्यात धरून मी चुलीच्या निखाऱ्यावर नेला, तर जळक्या केसांचा वास आला. हा वास मला पुरता ओळखीचा होता.

जुना असेल, मी म्हणाले. सतरंजीत, भेगांत अडकलेला, आता बाहेर निघतोय. मी सतरंजी काठीनं झोडपली. जमीन शेणानं सारवून घेतली. दुसऱ्या दिवशी सारवलेल्या जमिनीवर तो पुन्हा होता, नवाकोरा, पांढरा. पसरलेला नव्हता. एक माणूस मांडी घालून बसलं तर त्याच्याभोवती जेवढा पडेल, तेवढाच आणि तसाच.

मग विचार केला, सासूबाईंना तर झालं नाही? त्यांच्या नकळत मी त्यांची मान पाहिली, कोपरं पाहिली. म्हातारीची कातडी सुरकुतलेली, पण खवला एकही नाही. तेव्हा मला जरा हायसं वाटलं आणि लगेच कळलं की हायसं वाटायचं काहीच कारण नाही.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी पुढच्या खोलीत पडले होते. अंगणात ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, दाराला कडी. दत्तरावांना त्या आठवड्यात सुट्टी नव्हती. विशा झोपली होती त्या आतल्या खोलीतून मला आवाज आला. खर्र, खर्र. थोडा थांबून पुन्हा खर्र. नखांनी कोरडी कातडी खाजवल्याचा.

"आत्याबाई, खाजवायलात का?" मी पडल्या जागेवरून हाक दिली.

"मी कशाला खाजवू?" सासूबाईंचा आवाज आला. "मी तर म्हनलं तूच खाजवायलीस."

त्यांचा आवाज परसातून आला होता.

५

परसात सासूबाई गोवऱ्या रचत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कोंडा, पाण्यातला पापुद्रा, आवाज. त्या ऐकत होत्या आणि हातातली गोवरी खाली ठेवायचं विसरल्या होत्या.

"मला बी दिसायलाय त्यो कोंडा," शेवटी त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, तुज्या अंगाचा आसंल. पन तुजं अंग तर लख्ख झालंय." त्या माझ्या हाताकडे बघत होत्या, पण हात लावत नव्हत्या. "पयलं आसतं तर देवाला कौल लावला आसता. आता कुनाला इचारावं बाई? बुद्धानं तर सांगून ठिवलंय, तुजं तूच बग म्हनून."

"आपण उगाच घाबरतोय, आत्याबाई."

"व्हय. तसंच आसंल," त्या म्हणाल्या. पण त्या संध्याकाळी त्रिसरण म्हणताना त्या एरवीपेक्षा मोठ्यानं म्हणत होत्या आणि डोळे उघडे ठेवून.

मी विशाला विचारायचं ठरवलं. धाक न दाखवता, सहज. ती उंबऱ्यावर बसून चिंचोके मांडत होती.

"विशा, दुपारी तुझी पाठ कोण खाजवतं गं?"

"आई."

"मी तर दुपारी शाळेत असते."

तिनं मान वर केली. मी किती साधी गोष्ट विचारते आहे, असं तिच्या तोंडावर होतं. "तू न्हाई. खरबरीत आई."

"ती कशी दिसते?"

"तुज्यावानी."

"काही बोलते का?"

"न्हाई. पाठ खाजवती." मग चिंचोके मुठीत गोळा करत ती म्हणाली, "ती मागं न्हाई सरकत."

हे चार वर्षांच्या पोरीचं बोलणं. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीच. पण भीतीच्याही आधी जे आतून ढवळून आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. मला त्या खरबरीत आईचा मत्सर वाटला.

६

बुधवारी मधल्या सुट्टीत मी हेडमास्तरांना डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी निघाले. खोटं नव्हतं, डोकं दुखतच होतं. गल्ली उन्हानं पांढरी झाली होती. सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून झोपल्या होत्या, पदर तोंडावर. मी चपला बाहेरच काढल्या.

घरात शिरल्यावर उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मी पुढच्या खोलीत उभी राहिले. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. तिथून आवाज येत होता. खर्र, खर्र. घाई नव्हती त्या आवाजाला. रोजचं काम करणाऱ्या माणसाच्या हाताला असतो, तसा सरावाचा ठेका होता. मधेच विशाचा उसासा आला, झोपेत शिरतानाचा. तो उसासा मी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ऐकत होते.

मी दारापाशी गेले. फटीतून विशा दिसली, पालथी, गाल उशीवर चेपलेला. तिच्या पाठीवर एक हात वरखाली फिरत होता. हात ज्याचा, ते माणूस दाराच्या फळीआड होतं. दिसत होता तो फक्त डावा हात, कोपराच्या वरपर्यंत. तो बोटांपासून वरपर्यंत पांढऱ्या खवल्यांनी भरलेला होता, कुठं सुईच्या अग्राएवढीही मोकळी जागा नाही. फक्त मनगटाच्या वर एक गोल भाग स्वच्छ होता. बांगडीएवढा. मऊ, सावळा, माझ्या रंगाचा. आणि त्या गोलाच्या कडेनं हिरवे ठिपके.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. ठिपके जागेवर होते. मग मला कळेना की यांतलं आत कोणतं आणि बाहेर कोणतं.

दार मी ढकललं की ते आपोआप उघडलं, हे आठवत नाही. कडी भिंतीवर आपटली. खोलीत विशा एकटीच होती. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"गेली ना ती," ती म्हणाली. "तू कामून आलीस?"

जमिनीवर, तिच्या शेजारी, एका माणसाच्या बैठकीएवढा गोल सोडून भोवतीनं कोंडा पडला होता. मी त्या मोकळ्या गोलावर हात टेकवला. जमीन गरम होती.

७

मी रजा टाकली. आता बघू कोण येतं ते, असं म्हणून विशाच्या खोलीत ठाण मांडून बसले. कुणी आलं नाही. कोंडा नाही, आवाज नाही. घर अगदी शहाण्यासारखं वागत होतं. फक्त विशा झोपेना. दुपारी झोपेना, रात्री झोपेना. पाठीवर हात ठेवला की अंग चोरायची. भाकरीचा घास माझ्या हातून घेईना, आजीच्या हातून घेतला तरी गालात धरून ठेवायची. आठवड्याभरात तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं, अंग कोमट राहू लागलं. गंगाखेडच्या डॉक्टरांनी तपासलं, छाती ठीक, पोट ठीक, जंतांचं औषध दिलं.

दत्तराव आले तेव्हा मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. ते शांत ऐकणारे गृहस्थ. ऐकून घेतलं, मग म्हणाले, "तू बरी झालीस हे तुलाच खरं वाटत नाही, सत्यशीला. इतके दिवस सोसलंस, मन लगेच सोडत नाही." किती शहाणं बोलणं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हेच म्हणाले असते. जाताना त्यांनी विशाला सेलूला नेऊ का विचारलं. ती दाराच्या चौकटीला असा काही विळखा घालून किंचाळली की शेजारच्या कमलबाई धावत आल्या.

धुरपताबाईला शोधायला सासूबाई स्वतः दोन बाजार फिरल्या. कुणी म्हणालं ती पाथरीकडे गेली, कुणी म्हणालं लेकीच्या बाळंतपणाला गेली. सापडली नाही.

आणि मग एका दुपारी विशा माझ्याकडे तोंड करून वळली. स्वतःहून. कितीतरी दिवसांनी तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी वाकले. ती अगदी हळू, विनवणीच्या आवाजात म्हणाली,

"आई, तू साळंला जा ना."

तिचे ओठ सुकले होते. हाताच्या काड्या झाल्या होत्या. माझी लेक माझ्यासमोर झिजत होती आणि तिला जे हवं होतं ते मी माझ्या अंगातून हाकलून, वर कुंपण मिटवून घेतलं होतं. खरबरीत आई हवी होती ना तिला? ती आधी मीच होते. मीच तिला हात लावला नव्हता.

८

सोमवारी सकाळी मी शाळेची तयारी केली. रजा संपली होती. इस्त्रीची निळी साडी नेसले, पुस्तकांची पिशवी खुंटीवरून काढून उंबऱ्याशी ठेवली. सासूबाई दळण घेऊन गिरणीला गेल्या. जाताना म्हणाल्या, "जा बाई, बिनघोर जा. मी येतेच."

त्या वळणाआड गेल्या आणि मी न्हाणीत शिरले. टाचा घासायची वजरी तिथं कोनाड्यात असे. ती ओली केली आणि गोंदणावर घासायला लागले.

डॉक्टरांनी सांगितलेलं एकच वाक्य डोक्यात होतं. कातडी जिथं दुखावते तिथं हा नव्यानं उठतो. उठ म्हणावं. आधी साल निघालं, मग लस, मग रक्त. ठिपके खोल होते. मी दात आवळून घासत राहिले. एका ठिकाणी हिरवं पुसलं जाऊन नुसतं लाल मांस राहिलं तेव्हा वर्तुळाला फट पडली. मी थांबले. वाट पाहिली. मोरीच्या नळीतून पाणी ठिबकत होतं, बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. काही झालं नाही. काय व्हायचं होतं? एक शिकलेली बाई न्हाणीत बसून स्वतःचा हात सोलत होती, झालं. मला माझी इतकी लाज वाटली की मी पाणी ओतून रक्त धुतलं, चिंधी बांधली आणि शाळेला निघायचं म्हणून उठले.

पण विशाला एकदा बघून जावं असं वाटलं.

ती पालथी पडली होती, जागी. मी शेजारी बसले. हात ठेवायचा धीर होईना, तरी ठेवला. तिची पाठ या वेळी आखडली नाही. उलट खांदे सैल पडले. मी हात फिरवला आणि आवाज आला. खर्र.

"आता चांगलं लागायलंय," विशा म्हणाली.

मी हाताकडे पाहिलं. चिंधीखालून पांढरं निघून बोटांपर्यंत आलं होतं आणि वरती दंडाकडे चाललं होतं. गळ्यापाशी खाज सुटली, मग गालावर, मग पापण्यांवर. दुखत नव्हतं. खूप दिवस रिकाम्या राहिलेल्या घरात आपली माणसं परत यावीत तसं वाटत होतं. मी रडत होते की नाही ते कळत नव्हतं, कारण गालावरून ओघळलेलं मला जाणवत नव्हतं. विशानं डोळे मिटले. तिचा श्वास लांब झाला. मी हात फिरवत राहिले, मानेपासून कमरेपर्यंत, पुन्हा मानेपासून. माझ्या लेकीच्या पाठीवर माझा हात होता. मला दुसरं काही नको होतं.

बाहेर पिठाचा डबा ठेवल्याचा आवाज झाला. सासूबाई पुढच्या खोलीतून आल्या आणि दाराशी थबकल्या. उन्हातून आल्यामुळे त्या डोळे बारीक करून आत बघत होत्या.

"विशा, कोन हाय गं तितं?"

"आई हाय," विशा गुंगीत म्हणाली.

"आई कशी आसंल? आता येशीपाशी भेटली मला. निळं लुगडं नेसून, पिशवी घिऊन साळंला चालली व्हती." सासूबाईंचा आवाज बारीक होत गेला. "मला बगून हासली बी."

माझी नजर उंबऱ्याकडे गेली. पिशवी तिथं नव्हती. माझ्या अंगावर कोणतं लुगडं आहे ते बघायला मी मान खाली घालणार होते, पण घातली नाही.

"कोन बसलंय?" सासूबाईंनी चौकट घट्ट धरली होती. "बोल की गं. कोन हायस तू?"

माझं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. पण विशाचा आत्ताच कुठं डोळा लागला होता, आणि आवाजानं ती जागी झाली असती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.